चव न घेता साठ मीटबॉल्स

दोष लेकीचा. न्यू जर्सीत आम्ही राहतो त्या गल्लीतली घरं डिसेंबरात एकदा एकत्र जमतात. दर वर्षी घर वेगळं, आणि कोण काय आणणार याची यादी आधी सगळीकडे फिरते. आमच्या नावापुढे गेली सात वर्षं एकच पदार्थ असतो, समोसे. ते मी करतही नाही. एडिसनहून आणते, ओव्हनमध्ये गरम करते, बाजूला हिरवी चटणी ठेवते, आणि लोक माझं कौतुक करतात. यंदा यादी लेकीच्या हाती पडली. तिने लिहिलं, ‘ग्लेझ्ड टर्की मीटबॉल्स, ६०’, म्हणजे टर्की या पक्ष्याच्या खिम्याचे गोळे, वर ग्लेझ, म्हणजे गोडसर चकचकीत सॉसचा थर. मला कळलं तोवर यादी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

“अगं पण मार्गशीर्ष आहे!”

“मग? तुला कुठे खायचेत? करायचेत फक्त.”

चौदा वर्षांच्या मुलीशी तर्काने वाद घालू नये. आमच्याकडे मार्गशीर्षाचे गुरुवार असतात, घट मांडतो, कहाणी वाचतो, आणि महिनाभर मटण-मासळी बंद. नवरा आणि लेक यातून सुटलेले आहेत, ते खातात. मी नाही. यंदा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून सासूबाई आलेल्या, म्हणजे तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांसाठी रांधायला व्रताची आड नाही, असा निवाडा त्यांनी दिला, मात्र भांडी वेगळी ठेवायची आणि गुरुवारी घरात यातलं काही शिजवायचं नाही.

भांड्यांचं जमण्यासारखं होतं. खरी अडचण वेगळीच होती. मी स्वयंपाक चाखत करणारी बाई. रस्सा उकळला की पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. प्रमाण विचाराल तर सांगता येणार नाही. आता जो पदार्थ आयुष्यात कधी केला नाही तो साठ नग करायचा, आणि जिभेला लावायचा नाही.

आदल्या रविवारी एक पौंडाची तालीम घेतली. दुकानात टर्कीच्या खिम्याची पाकिटं रांगेने होती, त्यांवर आकडे, ८५, ९३, ९९. म्हणजे किती टक्के निव्वळ मांस, उरलेली चरबी. मी ९९ उचललं. जास्त आकडा म्हणजे चांगला माल, अशी आपली शाळेपासूनची समजूत. ते नुसत्या छातीच्या मांसाचं, चरबी जवळपास नाहीच. टर्की मुळातच कोरडी, त्यात हे. अंडं, ब्रेडचा चुरा, मीठ-मिरी घालून मळलं, गोळे वळले, भाजले. पांढरेफटक निघाले, दवाखान्याच्या भिंतीसारखे. रंग यावा म्हणून वरून साखरेचा पाक-सॉस लावून ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या जाळाखाली ठेवले आणि तेवढ्यात फोन आला. साखर वरच्या जाळाखाली दोन मिनिटांत चकाकते आणि चौथ्या मिनिटाला कोळसा होते, हे ज्ञान मला धुराच्या अलार्मने दिलं. सासूबाई पोथी हातात घेऊन दारात उभ्या. लेकीने एका गोळ्यात काटा रोवायचा प्रयत्न केला, तो ताटलीतून निसटून टेबलाखाली गेला. कुणी शोधायला वाकलं नाही.

मग बसून नीट वाचलं, विचारलं, आणि बराचसा उलगडा स्वतःच्याच स्वयंपाकातून झाला. कटलेट करताना आपण ब्रेड पाण्यात भिजवून पिळून घालतो. इथे ब्रेड दुधात भिजवायचा आणि पिळायचा नाही. तो लगदा मांसाच्या तंतूंमध्ये जाऊन बसतो. तापल्यावर तंतू आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि ओल बाहेर ढकलतात. मधे लगदा असला की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि दुधाची ओल आत राहते. कोरडा चुरा घातला तर तो उलट मांसातलंच पाणी पितो. मी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट मीठ. मीठ नुसतं चवीला नसतं. खिम्यात मीठ घालून जरा मळलं की मांसातलं एक प्रथिन विरघळतं आणि खिमा हाताला चिकटायला लागतो. ही चिकटण म्हणजेच गोळ्याचा डिंक. पण फार मळलं की तोच डिंक सिमेंट होतो. पुरणाचा हात जसा आपोआप कळतो तसा हाही दोन-चार वेळा करून कळत असणार. मला दोनच वेळा मिळणार होत्या.

बुधवारी रात्री ८५ टक्केवाली तीन पाकिटं, एकेक पौंडाची, म्हणजे साधारण १ किलो ३६० ग्रॅम खिमा, फ्रीझरमधून काढून गॅरेजातल्या फ्रिजमध्ये वितळायला ठेवली. मधे गुरुवार होता. त्या फ्रिजात काय आहे हे सासूबाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ग्लेझ मात्र माझ्या हक्काचं होतं. त्यात मांस नाही, चाखायला मोकळी. गुरुवारी उपास सोडल्यावर क्रॅनबेरी निवडायला घेतल्या. ज्यांनी ताज्या क्रॅनबेरी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पिकू लागलेलं लालचुटुक करवंद डोळ्यापुढे आणा. चीक नाही, बी नगण्य, आणि आंबटपणा असा की कानशिलं दुखतात. कापली तर आत चार पोकळ कप्पे दिसतात, हवेने भरलेले. त्या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगते. आमच्याच राज्याच्या दक्षिणेला, पाइन बॅरन्सच्या वाळवट दलदलीत, हिचे मळे आहेत. तोडणीच्या वेळी मळ्यात पाणी सोडतात, यंत्राने झुडपं झोडपतात, फळं वर येतात आणि अख्खं शेत लाल होतं. ऑक्टोबरात चॅट्सवर्थ नावाच्या एवढ्याशा गावात क्रॅनबेरीची जत्रा भरते, तिथे आम्ही एकदा गेलो होतो. त्याच हवेमुळे चांगली क्रॅनबेरी टाकली की उसळते, सडकी पडल्या जागी बसते. लेकीने अर्धं पाकीट किचनच्या फरशीवर उसळवून तपासलं. मग मी ते सगळं परत धुतलं.

पाकीट १२ औंसांचं, म्हणजे ३४० ग्रॅम. दोन घेतली. पहिल्या पाकिटात मी शहाणपणा केला आणि साखरेऐवजी गूळ घातला. चव इतकी सुंदर की मी तीनदा चाटली. आंबट-गोड, खाली गुळाचा खमंगपणा, चिंच-गुळाच्या आमटीची आतेबहीण. पण क्रॅनबेरीचा लाल रंग गेला, भांड्यात तपकिरी गाळ दिसायला लागला. लेक म्हणाली, “हे मीटबॉलवर घातलं तर लोक विचारतील कुठे पडले होते.” पार्टीचा पदार्थ आधी डोळ्यांनी खाल्ला जातो, त्यापुढे गुळाची वकिली चालली नाही. ते भांडं सासूबाईंनी आपल्याकडे ओढलं, मोहरी-हिंगाची फोडणी आणि लाल तिखट घातलं, बरणीत भरलं. पुढच्या गुरुवारी नैवेद्याच्या ताटात डावीकडे क्रॅनबेरीचं लोणचं होतं. महालक्ष्मीला हे फळ पहिल्यांदाच दाखवलं असेल.

दुसरं पाकीट सरळ रीतीने. एक कप साखर, एक कप संत्र्याचा रस, संत्र्याची किसलेली साल. उकळी आली की क्रॅनबेरी टपटप फुटायला लागतात, मोहरी तडतडावी तशा, फक्त आवाज जरा मऊ. दहा मिनिटांनी सगळं चाळणीतून गाळलं, चिंचेचा कोळ गाळतो तसं पळीने दाबून, सालं वर राहिली. खाली आला तो दाट, काचेसारखा लाल रस. त्यात दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा मोहरीची पेस्ट, मीठ, आणि माझ्या मनाने अर्धा चमचा बेडगी मिरचीची भरड. बेडगी रंग देते, जाळ करत नाही. गल्लीत लहान मुलं आहेत आणि काही मोठी माणसंही लहान मुलांसारखीच आहेत. मक्याचं पीठ लावायची गरज पडली नाही. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ, भरपूर, ते स्वतःच दाट होतं.

शुक्रवारी सकाळी कांदा बारीक चिरून लोण्यात परतला. कच्चा घातला तर पाणी सुटतं आणि गोळे फुटतात. लसूण, मिरी, चिमूटभर ऑलस्पाइस, त्याचा वास लवंग आणि दालचिनीचं भांडण मिटल्यासारखा. आणि सेज. या दिवसांत इथे टर्कीबरोबर सेज हवंच. पानं पानओव्यासारखी मखमली, पण पातळ आणि लांबट. वास मला आधी कापराचा वाटला. दहा-बारा पानं चिरली. भिजलेला ब्रेड कुस्करला, दोन अंडी, तीन सपाट छोटे चमचे मीठ, सगळं कालवलं. आता मिठाचा निर्णय.

इथे एक चांगली युक्ती हाती लागली. चिंचोक्याएवढा गोळा तव्यावर चपटा करून भाजायचा आणि कुणाला तरी द्यायचा. कच्चा खिमा तर कुणीच चाखू नये, व्रत असो-नसो. घरून काम करणारा नवरा हाताशी होता.

“कसं आहे?”

“मस्त.”

“मीठ?”

“मस्त आहे.”

या माणसाने आयुष्यात एकाच पदार्थाला नाव ठेवलंय, आमच्या लग्नातल्या जिलेबीला, आणि ती त्याच्या काकांनी ठरवली होती. याच्या भरवशावर साठ गोळे वळायची माझी छाती होईना. तेवढ्यात टेबलाशी पाठ करून मेथी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “मीठ कमी हाय त्यात.”

“आई, तुम्ही तर वळूनही पाहिलं नाहीत.”

“वासावरनं कळतंय.”

मी मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. लेक शाळेतून आली, दप्तर खांद्यावर असतानाच तुकडा तोंडात टाकला. “अळणी.” सासूबाईंनी मेथीची काडी मोडली. काही बोलल्या नाहीत. मी आणखी एक चमचा मीठ घातलं, परत हलक्या हाताने कालवलं, परत तुकडा भाजला. यावेळी लेकीने तुकडा संपवून तव्याकडे पाहिलं. पुरे.

गारठलेलं मिश्रण वळायला सोपं, हाताला पाणी लावलं की चिकटत नाही. पहिले चार वजनकाट्यावर मोजले, २८ ग्रॅमचे. नंतर मूठ शिकली. पण माझ्या मुठीला वळणं येतं ते रव्याच्या लाडवाचं. घट्ट दाबायचं, फिरवायचं, परत दाबायचं. तालमीतले गोळे दगड झाले त्याला हेही एक कारण होतं, पण मला ते सुचलं नव्हतं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, जाता जाता थांबल्या.

“दाबतीस कशाला? लाडू हाय व्हय? खिम्याचा गोळा ढिला ठेवायचा, रस्सा आत शिरला पाहिजे.”

“यात रस्सा नाहीये, आई.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चूक यादीची आहे, माझी नाही, हे सांगायचं मी टाळलं. पण हात ढिला केला. दोन तळहातांत नुसता फिरवायचा, गोल झाला की सोडायचा, वर बारीक भेगा राहिल्या तरी चालतात. भेगांत पुढे ग्लेझ धरतं. एकूण एकोणसत्तर भरले.

ओव्हन ४०० फॅरनहाइटवर. ट्रेमध्ये कागद, वर जाळी, जाळीवर गोळे. जाळी नसली की ते स्वतःच्या पाण्यात बसतात आणि बूड सपाट होतं. टर्की शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. पुरती शिजूनही ती आत गुलाबी दिसू शकते, आणि कच्ची असून पांढरी. आत १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस व्हायला हवं, आणि ते सुई सांगते. ही सुईची तापमापी आमच्या ड्रॉवरमध्ये पाच वर्षं पडून होती, भेट आलेली, पाकीट न फोडलेली. चौदाव्या मिनिटाला सर्वांत जाड्या गोळ्यात खुपसली, १५८. सतराव्या मिनिटाला १६७. खरं सांगायचं तर मला त्या आकड्याने जो दिलासा दिला तो नवऱ्याच्या सात ‘मस्त’नी दिला नव्हता. सुई खुपसून फुटलेला गोळा त्यालाच दिला. साठ उद्यासाठी. उरलेल्या आठांचा डबा फ्रीझरमध्ये, वर चिठ्ठी, ‘मार्गशीर्षानंतर’.

शनिवारी दुपारी ग्लेझचं भांडं उघडलं तर चमचा उभा राहत होता. पेक्टिनने दोन रात्रींत जेली करून ठेवली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं, अर्धा कप पाणी घालून मंद आचेवर फेटलं, परत रस झाला, शेवटी लोण्याचा एक गोळा फिरवला तर आरसा. मीटबॉल्स एकदा ब्रशने माखून ३५० वर दहा मिनिटं, बाहेर काढून दुसरा हात, परत पाच मिनिटं. पहिला थर भेगांत मुरतो, दुसरा वर चमकतो. ब्रॉयलरच्या बटणाकडे मी पाहिलंही नाही. सुई परत १६५ च्या वर. आधीच गरम करून ठेवलेल्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, भरले. हे महत्त्वाचं, कारण तो कुकर ‘वॉर्म’वर गरम ठेवतो, गार पदार्थ तापवत नाही. थोडं ग्लेझ डब्यात वेगळं घेतलं, कारण बसून बसून गोळ्यांना रस सुटतो आणि वरचं पातळ होतं. एका कार्डावर लिहिलं, टर्की, गहू, दूध, अंडी.

पार्टीच्या घरी टेबलावर आधीच तीन स्लो कुकर होते, एक मोठा कॉफीचा बंब, आणि झाडापासून खिडकीपर्यंत दिव्यांच्या माळा. माझा चौथा कुकर लावला, कुणीतरी बंब सुरू केला, आणि अर्धं घर अंधारात. इथल्या घरात एका वायरीवर साधारण १८०० वॉटच्या आतच काम भागवावं लागतं, त्यातले हजारेक तो बंबच खात असणार. यजमान मोबाइलच्या उजेडात तळघरात उतरले. मी झाकण दाबून धरून उभी. गरम पदार्थ १४० फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि माझा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास गेल्या आठवड्यात सुईकडे गेला होता. वीस मिनिटांनी उजेड आला. पर्समधून सुई काढून खुपसली. १५२. शेजारचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात का?

पहिला तास सगळे चीजच्या ताटाभोवती. मग एका मुलाने काडी टोचून एक उचलला, दुसरा, मग त्याची भावंडं आली. काड्यांचा ढीग वाढायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. समोरच्या घरातल्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, माहेर इटालियन, बशी घेऊन शेजारी बसल्या. त्यांच्या तरुणपणी पार्टीत हेच मीटबॉल्स द्राक्षाची जेली आणि बाटलीतला चिली सॉस मिसळून करायचे, म्हणाल्या. तो चिली सॉस म्हणजे आपला झणझणीत नव्हे, गोडसर टोमॅटोचा. त्यांच्या आईला हे आवडायचं नाही, लपून करावं लागे. मग विचारलं, तुला स्वतःला कसे वाटले?

मी म्हटलं, मी चाखलेलेच नाहीत. सांगितलं का ते. त्यांना नवल वाटलं नाही. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी आमच्या घरीही मांस बंद असायचं, आणि रविवारचे गोळे आई शुक्रवारीच करून ठेवायची, त्या म्हणाल्या. ‘मीठ बघायला कुत्र्याला द्यायची.’

निघताना कुकरच्या तळाशी लाल रस तेवढा होता. चार जणांनी वेगवेगळं विचारलं, यंदा समोसे नाही आणले?

अमावस्या झाली, पौष लागला. डबा काढला, आठ गोळे ग्लेझमध्ये गरम केले. पहिला मी खाल्ला. मऊ होता, हे मला सुईने सांगितलं नव्हतं. मीठ बरोबर. सेज माझ्या नाकाला वाटलं होतं तितकं पुढे नव्हतं, गोडवा मात्र एक पायरी जास्त. बेडगी अजून अर्धा चमचा सहज चालली असती. सासूबाईंनी एक पूर्ण खाल्ला, पाणी प्यायल्या, “बरंय” म्हणाल्या आणि उठल्या. लेकीने दोन संपवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कांदा-खोबरं भाजल्याचा वास. गॅसवर पातेल्यात तांबडा रस्सा उकळत होता आणि त्यात चार गोळे, वरचं लाल ग्लेझ धुऊन टाकलेलं. सासूबाईंनी पळीतला थेंब माझ्या तळहातावर टाकला.

“बघ मीठ.”